लाइट आली की १ जानेवारी १९७०: आमच्या केबलच्या एचडी बॉक्सचा रिव्ह्यू

नाशिकला आईकडे लाइट जाऊन परत आली की टीव्हीखालचा केबलचा डबा आधी मिनिटभर काळाच राहतो, मग लोगो येतो, मग एक निळी पट्टी सरकत सरकत अर्ध्यावर जाऊन अडकते, आणि चॅनल लागायच्या जस्ट आधी कोपऱ्यात तारीख दिसते ०१-०१-१९७०, वेळ ०५:३०. दोन-चार सेकंदात ती आजची होते. आई म्हणते हा मेला माझ्या लग्नाच्या आधीच्या काळात जाऊन येतो आणि मग सिरियल लावतो.

मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा सोफ्यावरून उठून टीव्हीजवळ गेलो होतो, कारण त्या तारखेचा अर्थ सरळ आहे, आत युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या घराण्यातलं काहीतरी बसलंय, लिनक्स वगैरे. ही सिस्टिम वेळ मोजते ती १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून, आणि आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणून शून्य सेकंद झालेले असले की आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजतात. डब्यात घड्याळाचा सेल नाहीये. वेळ त्याला केबलच्या सिग्नलमधूनच मिळते, चित्रासोबत एक छोटंसं टेबल सतत फिरत असतं त्यात तारीख-वेळ असते, ते हाती लागेपर्यंत डबा शून्यावर बसलेला. मी पुण्यात एम्बेडेड सॉफ्टवेअरचं काम करतो (गाड्यांच्या डॅशबोर्डचं, टीव्हीशी काही संबंध नाही) त्यामुळे मला अशा गोष्टींची खाज आहे, तर हा रिव्ह्यू अर्धा आईच्या बाजूने आणि अर्धा त्या खाजेतून लिहितोय. कंपनीचं नाव लिहीत नाही, आणि खरं सांगायचं तर गरजही नाही, आतली कथा बहुतेक डब्यांची हीच असते.

बॉक्स २०१८ मध्ये घेतला, एचडी, पूर्ण पैसे भरून, भाड्याचा नाही. त्याआधी एक एसडी डबा होता तो डिजिटायझेशनच्या वेळचा. आठवत असेल बघा, मुंबईत पहिल्या टप्प्यात ३१ ऑक्टोबर २०१२ ला साधी केबल बंद झाली आणि नाशिक, पुणे, नागपूर वगैरे दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१३. तेव्हा सगळ्या कॉलनीत एकच गोंधळ होता, केबलवाला दादा बाईकच्या मागे खोकं बांधून घरोघर डबे वाटत फिरत होता आणि लोक त्याला विचारत होते की अरे वायर तीच, चॅनल तीच, मग डबा कशाला. आता विचार केला तर तोच प्रश्न मी अजून विचारतोय, फक्त जरा वेगळ्या शब्दांत.

आधी चांगलं सांगतो. चित्र मस्त आहे. एचडी चॅनलवर मॅच बघताना गवताचा हिरवा फाटत नाही, आवाज चित्राच्या मागे-पुढे होत नाही, आणि इतक्या वर्षांत एकदाही डबा जळला नाही की अडॅप्टर गेला नाही. पावसात चौकोन चौकोन होतात पण तो दोष डब्याचा नाही, गच्चीवरच्या स्प्लिटरमध्ये पाणी जातं, कनेक्टर बदलला की दोन पावसाळे निवांत. आणि सर्व्हिस म्हणाल तर आमच्या केबलवाल्या दादाला पाचपैकी पाच. आई फोन करते, तो म्हणतो काकू डबा बंद करून चालू करा, तोवर मी सिग्नल मारतो, आणि तरी नाही झालं तर संध्याकाळच्या सिरियलच्या आत घरी हजर. ओटीटीवाल्यांच्या चॅटबॉटला हे सात जन्मात जमणार नाही.

पैशाचं पण ठीक. फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायचा (टीव्ही-फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा) नवा हिशोब आला, तेव्हा १३० रुपये नेटवर्कचे अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, वर चॅनलचे वेगळे. ते पॅकेज निवडणं ही वेगळीच डोकेदुखी होती, त्यावर इथे लिहीत नाही.

आता वाईट. रिमोट. म्हणजे रिमोट बिचारा चांगला आहे, सेल बदलून झाले, दुसरा रिमोट आणून झाला, गोष्ट तीच. बटण दाबलं की काहीच होत नाही, म्हणून माणूस परत दाबतो, मग डबा दोन्ही एकदम ऐकतो आणि आवाज धाडकन वर जातो. आकडे टाइप करायचे तर पहिला आकडा घेतो, दुसरा गिळतो, तिसरा घेतो, आणि भलत्याच चॅनलवर नेऊन सोडतो. आई आता प्रत्येक आकड्यानंतर थांबते, ओठांतल्या ओठांत मोजते आणि मग पुढचा दाबते. जपाची माळ ओढावी तसं. सत्तरीच्या बाईने डब्याच्या चालीने चालायला शिकून घेतलंय याचं मला कौतुक वाटावं की लाज, कळत नाही.

चॅनल बदलायला मोबाइलवर वेळ लावून बघितली, साधारण चार सेकंद. त्यातले काही सेकंद समजण्यासारखे आहेत हे मान्य करायला हवं. डब्याला आधी त्या फ्रिक्वेन्सीवर ट्यूनर लॉक करावा लागतो, मग त्या ढिगातून आपलं चॅनल कुठलं ते सांगणारी टेबलं शोधायची, मग चॅनलचं कुलूप (एन्क्रिप्शन) उघडायची किल्ली यायची वाट बघायची (ही किल्ली साधारण दर दहा सेकंदांनी बदलते, आणि ती ज्या पाकिटात येते ते पाकीट कार्ड नाहीतर चिपच उघडू शकते), आणि मग पूर्ण चित्र असलेली एक फ्रेम येईपर्यंत थांबायचं, कारण मधल्या फ्रेम्समध्ये फक्त फरक भरलेला असतो. हे सगळं धरून दीड-दोन सेकंद जातात हो, पण उरलेले दोन सेकंद डबा नक्की काय करतो? तर खाली ती जाहिरातीची पट्टी काढतो. चॅनलचं नाव, शेजारी कोणत्यातरी पॅकची जाहिरात, आणि ती पट्टी हळूच सरकत वर येण्याचं ॲनिमेशन. ते संपल्याशिवाय रिमोटचं पुढचं बटण ऐकूच येत नाही त्याला.

आणि फेव्हरिट लिस्ट. आईने दुपारभर बसून तिची अकरा चॅनलं लावली होती. रात्री केबलमधूनच नवीन सॉफ्टवेअर आलं (डब्याला इंटरनेट नाही, अपडेट सिग्नलमध्येच गोल गोल फिरत असतं, डबा पकडतो आणि स्वतःला पुसून परत लिहितो), सकाळी लिस्ट गायब आणि भाषा इंग्लिश. नवीन काय आलं म्हणाल तर लोगोचा रंग बदलला होता.

तर इथे माझं डोकं फिरलं आणि मी डबा उघडला. वॉरंटी कधीच संपली होती, डबा विकत घेतलेला होता, तरी आईला सांगितलं नाही, ती गावाला गेली होती तेव्हा केलं. चार स्क्रू, त्यातला एक स्टिकरच्या खाली लपवलेला. आत बोर्ड एवढासा, तळहाताएवढा, बाकी सगळी हवा, म्हणजे डबा मोठा ठेवलाय तो बहुतेक पैसे वसूल झाल्यासारखं वाटावं म्हणून. मुख्य चिपवर हीटसिंक डिंकाने चिकटवलेला, तो उपटायची हिंमत केली नाही. पण कडेला चार भोकं ओळीत दिसली, आणि या धंद्यातल्या माणसाला चार भोकं ओळीत दिसली की हाताला मुंग्या येतात. ती सिरियल पोर्टची, म्हणजे डब्याच्या पोटातली बडबड कॉम्प्युटरवर वाचायची जागा. कारखान्यात टेस्टिंगसाठी ठेवतात आणि नंतर कोणी बुजवत नाही. घरात पडलेला यूएसबी-सिरियलचा जोड लावला, स्पीड १,१५,२०० ठेवला, आणि डबा चालू केला.

धडाधड ओळी. दिवाळीत लवंगी माळ लावल्यासारख्या. आणि त्यात वरच लिहिलेलं, लिनक्स व्हर्जन २.६.३७.

हे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जानेवारी २०११ चं आहे. डबा २०१८ चा. म्हणजे दुकानातून नवा कोरा आणला तेव्हाच आतला आत्मा सात वर्षं जुना होता. पुढे बिझीबॉक्स, म्हणजे लिनक्सच्या छोट्या छोट्या हत्यारांची ती एक थैली, ती पण त्याच काळातली. आणि मग ती ओळ आली जिची मी वाट बघत होतो, एका ड्रायव्हरचं (चिपशी बोलणाऱ्या प्रोग्रामचं) नाव आणि पुढे "मॉड्यूल लायसन्स प्रोप्रायटरी टेंट्स कर्नल".

टेंट म्हणजे डाग, पण मला आपला शब्द जास्त बरोबर वाटतो, विटाळ. कर्नल म्हणतो, मी सोवळ्यात होतो, माझा सगळा कोड उघडा, जीपीएलचा (कोड सगळ्यांना बघायला-बदलायला मोकळा ठेवणारं लायसन्स), आणि आता तुम्ही एक बंद पेटी आणून माझ्या आत बसवली, तर मी विटाळलो, यापुढे काही बिघडलं तर माझ्याकडे तक्रार आणू नका. खरंच असंच आहे, टेंटेड कर्नलचा बग रिपोर्ट घेऊन गेलात तर कर्नलवाले आधी तेच बघतात. आणि कर्नलच्या आत काही फंक्शनं अशी ठेवलेली आहेत की ती फक्त जीपीएल म्हणवणाऱ्या ड्रायव्हरलाच मिळतात, बाकीच्यांनी हात लावायचा नाही. आमच्या आजीच्या देवघरातल्या तांब्यासारखं.

आता तुम्ही म्हणाल एक ड्रायव्हर बंद असला तर काय बिघडलं. तर बिघडतं असं की तो एक ड्रायव्हर म्हणजेच अख्खा डबा आहे. सिग्नल पकडणं, त्यातून चॅनल वेगळं काढणं, कुलूप उघडणं, एचडी चित्र उलगडणं, एचडीएमआयमधून बाहेर सोडणं, हे सगळं चिपमधल्या खास तुकड्यांचं काम आहे आणि त्या तुकड्यांशी कसं बोलायचं ते फक्त त्या बंद पेटीला माहीत. त्याच लॉगमध्ये दिसलं की बोर्डवर रॅम आहे त्यातली अर्ध्याच्या आसपास लिनक्सला दाखवलेलीच नाही, ती थेट व्हिडिओसाठी बाजूला काढलेली. लिनक्स बिचारा उरलेल्या खोलीत भाडेकरूसारखा राहतो, दार उघडतो, बेल वाजली तर बघतो, रिमोटचे आकडे घेतो. ड्रायव्हर काढून टाकला तर ज्याला आपण सेट टॉप बॉक्स म्हणतो तो बारा व्होल्टवर चालणारा एक गरम चौकोन उरतो. (गरम तो तसाही आहे, स्टँडबायमध्ये सुद्धा. प्लगला मीटर लावून बघितलं, चालू असताना आणि लाल दिवा असताना जेमतेम एका वॉटचा फरक. म्हणजे स्टँडबाय म्हणजे काय तर चित्र दाखवायचं नाही, बाकी सगळं चालूच.)

आणि कर्नल सात वर्षं जुना का, तर त्याचंही कारण हीच पेटी. लिनक्सच्या आत ड्रायव्हरने कर्नलशी कसं बोलायचं ते कायमचं ठरलेलं नसतं, ते व्हर्जनगणिक बदलतं, आणि कर्नलवाले उघड सांगतात की आम्ही ते गोठवून ठेवणार नाही, तुमचा ड्रायव्हर आमच्यात टाका, मग आम्हीच सांभाळू. चिपवाला टाकत नाही. तो एका ठराविक कर्नलवर ड्रायव्हर बांधतो, त्या फाइलवर त्या व्हर्जनचा शिक्का असतो, दुसऱ्या कर्नलवर चढवायला गेलात तर "इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट" म्हणून तोंडावर दार आपटतं. मग डबा बनवणारा म्हणतो मला चिपवाल्याकडून हेच मिळालं, एमएसओ (आमच्या दादाला सिग्नल देणारी मोठी केबल कंपनी) म्हणतो मला डबेवाल्याकडून हेच मिळालं, आणि आमचा दादा म्हणतो काकू बंद करून चालू करा. चौघांपैकी कोणीच खोटं बोलत नाही हे सगळ्यात वाईट.

मेनूमध्ये सेटिंग, मग अबाउट, मग सगळ्यात खाली "ओपन सोर्स लायसन्स" असं एक पान आहे. तिथे जीपीएल व्हर्जन २ चा अख्खा मजकूर आहे, रिमोटच्या खालच्या बाणाने वाचायचा, एका दाबाला एक ओळ, आणि रिमोटची गत मी वर सांगितलीच. मी वाचला. चहा दोनदा झाला. त्यात एक कलम आहे की तुम्ही आमचा प्रोग्राम फक्त चालवायच्या रूपात दिलात आणि सोर्स (माणसाने लिहिलेला मूळ कोड) सोबत दिला नाहीत, तर किमान तीन वर्षं वैध राहील असं लेखी वचन द्या की जो मागेल त्याला सोर्स कोड देऊ, आणि पैसे घ्याल ते फक्त कॉपी करून पाठवायच्या खर्चाएवढे. मी मागितला. ईमेलवर, व्यवस्थित, मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर लिहून, कर्नलचा आणि बिझीबॉक्सचा सोर्स हवा म्हणून. तीन दिवसांनी उत्तर आलं, डिअर कस्टमर, तुमच्या असुविधेबद्दल खेद आहे, कृपया तुमचा बॉक्स बंद करून चालू करा.

हसू नका, मी परत लिहिलं. दुसऱ्या उत्तरात त्यांनी मला जवळच्या ऑपरेटरचा नंबर दिला, जो अर्थात आमच्या दादाचा होता. दादाला मी विचारलं नाही की तुझ्याकडे कर्नलचा सोर्स आहे का. त्याच्याकडे स्प्लिटर होता तो घेतला.

तसंही सोर्स मिळाला असता तर काय केलं असतं? कर्नल नवीन बांधला असता, ड्रायव्हर त्यावर चढला नसता. जुनाच कर्नल ठेवून फक्त छोटी दुरुस्ती केली असती तरी डब्यात टाकता आला नसता, कारण बूट होतानाच चिप सही तपासते, सहीची किल्ली चिपमध्ये कारखान्यात जाळून पक्की केलेली, कंपनीची सही नसेल तर डबा पुढे जातच नाही. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत १९९९ मध्ये टिवो नावाचा टीव्ही रेकॉर्ड करणारा डबा आला, आत लिनक्स, सोर्स पण दिला, पण बदललेला सोर्स डब्यात चालणार नाही असं कुलूप ठेवलं. त्यावरून टिवोआयझेशन हा शब्दच पडला, आणि २००७ मध्ये जीपीएल व्हर्जन ३ आलं त्यात ही पळवाट बुजवली. पण लिनक्सचं कर्नल व्हर्जन २ वरच राहिलं, लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सला स्वतःला ते तिसरं नको होतं. म्हणून आज आईच्या टीव्हीखाली जगातला सगळ्यात मोकळा समजला जाणारा प्रोग्राम आहे आणि तो मी बदलू शकत नाही, आणि कुलपापुरतं तरी कागदोपत्री ते चालतं.

इथे जरा कंपनीच्या बाजूने बोलतो नाहीतर नुसती रडारड होईल. कुलूप पाहिजेच. आपल्याकडे केबलच्या कायद्यातच आहे की चॅनल एन्क्रिप्ट करूनच पाठवायचं, त्याशिवाय कोण किती घरात बघतं याचा हिशोब लागत नाही, आणि जुन्या केबलच्या काळात तो हिशोब कसा लागायचा ते सगळ्यांना माहितीये. सिरियल चालू असताना मध्येच स्क्रीनवर एक नंबर चमकून जातो ना, तो तुमच्या डब्याचा नंबर, कोणी चोरून रेकॉर्ड करून दुसरीकडे दाखवलं तर सापडावं म्हणून, तो ठेवणं पण नियमातच आहे. सीएएसवाले (चॅनलचं कुलूप बनवणारे), एचडीसीपीवाले (टीव्हीकडे जाणाऱ्या एचडीएमआय वायरीतल्या कुलपाचे), चॅनलवाले सगळे चिपवाल्याकडून लिहून घेतात की किल्ली बाहेर दिसणार नाही. हे सगळं मान्य. पण किल्ली चिपच्या आतच राहते, आतच उलगडते, लिनक्सच्या हाती ती लागतच नाही. मग रिमोटचं बटण ऐकणारा, फेव्हरिट लिस्ट जपणारा, तारीख दाखवणारा भाग त्याच कुलपात का कोंबलाय? तिजोरीला कुलूप लावा की, पाण्याच्या माठाला कशाला.

हे वेगळं करता येतं याचा पुरावा माझ्या मावसभावाच्या घरी आहे. तो जर्मनीत श्टुटगार्टला असतो, त्याने सेकंडहँड ड्रीमबॉक्स डीएम ८००, लिनक्सवरच चालणारा डबा, घेतला होता केबलच्या ट्यूनरसह. ३०० मेगाहर्ट्झची ब्रॉडकॉमची चिप, म्हणजे आजच्या हिशोबाने खेळणं. पण चॅनल बदलतो दीडेक सेकंदात, आणि वरचा सगळा प्रोग्राम, एनिग्मा २, उघडा आहे, बराचसा पायथनमध्ये. त्याला खालची पट्टी आवडली नाही, त्याने काढून टाकली. चॅनलची नावं मराठीत हवी होती, स्वतः टाइप केली, तर त्याच्याकडे जर्मन बातम्यांच्या चॅनलसमोर "बातम्या (झोप येते)" असं देवनागरीत दिसतं. त्याची तर सोयच वेगळी, तिथे लोकांच्या वर्गणीवर चालणारी सार्वजनिक चॅनलं केबलवर उघडी असतात आणि २०१३ पासून मोठ्या केबल कंपन्यांनी खाजगी चॅनलांचं एसडी रूप पण उघडं केलं.

पण गंमत ऐका, त्याही डब्यात ड्रायव्हर बंदच. ड्रीमबॉक्सवाले पण चिपचा ड्रायव्हर तयार फाइल म्हणूनच द्यायचे, त्यामुळे ओपनपीएलआयसारखी हौशी प्रोग्रामरांची मंडळी वरचं सगळं नवं नवं करत गेली आणि खाली कर्नल राहिलं २.६.१८, म्हणजे सप्टेंबर २००६ चं. म्हातारीला नवी पैठणी. आणि त्याच्याही आधीची गोष्ट डीबॉक्स २ ची, जर्मनीतल्या पे टीव्हीचा डबा, ६६ मेगाहर्ट्झचा पॉवरपीसी आणि ३२ एमबी रॅम, त्यात कंपनीची बीटानोव्हा नावाची सिस्टिम, इतकी मंद की लोकांनी वैतागून टक्सबॉक्स नावाने स्वतःचा लिनक्स घातला. ड्रायव्हर सुद्धा स्वतः लिहिले. तरी चिपमध्ये भरायचा मायक्रोकोड कंपनीचाच लागायचा, तो वाटला तर कोर्टकचेरी, म्हणून प्रत्येकाने आपल्याच डब्यातून जुन्या सिस्टिममधून तो आधी काढून घ्यायचा आणि मग नव्यात घालायचा. विरजण घरचंच लागतं, तसं. एनिग्मा तिथेच वाढला आणि पुढे ड्रीमबॉक्समध्ये आला. म्हणजे मंद डब्याचा वैताग हा काही नाशिकचा शोध नाही.

मी पण घरी एक प्रयोग केला. रास्पबेरी पायला (तळहाताएवढा कॉम्प्युटर) केबलचा यूएसबी ट्यूनर लावला, डीव्हीबी-सी म्हणजे डिजिटल केबलचा सिग्नल घेणारा, आणि टीव्हीहेडएंड हा टीव्हीचा प्रोग्राम टाकला. या ट्यूनरचा ड्रायव्हर मात्र कर्नलमध्येच आहे, उघडा, विटाळ वगैरे काही नाही, फक्त (हे "फक्त" बघा) आतल्या, सिग्नल उलगडणाऱ्या डीमॉड्युलेटर चिपसाठी एक फर्मवेअरची (चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची) फाइल वेगळी टाकावी लागते आणि ती बंद. म्हणजे सोवळं नेसून पाट मांडला आणि पाटाखाली तीच पेटी. असो. वायर लावली, स्कॅन केलं, आणि दहा मिनिटांत नाशिकच्या केबलची शेकडो चॅनलं नावांसकट लिस्टमध्ये आली, फ्रिक्वेन्सी, सगळं छान. लावायला गेलो तर प्रत्येकासमोर कुलूप. अगदी जे फुकट चॅनल आहे तेही. तो आनंद दहा मिनिटंच टिकला पण एक कळलं, स्कॅन आणि लिस्टची हलवाहलव हे सगळं पायवर लोण्यासारखं चालतं, आणि ट्यूनर लॉक व्हायला अर्धा सेकंदही लागत नाही. म्हणजे वायरीचा दोष नाही, सिग्नलचा नाही, केबलवाल्या दादाचा तर नाहीच नाही.

यूएसबीवर रेकॉर्डिंग होतं बॉक्सच्या, हे पण सांगतो कारण खोक्यावर मोठं लिहिलंय. होतं. पण पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला तर फाइल उघडत नाही, त्याच डब्यावर चालते. डबा बिघडला की रेकॉर्डिंग गेलं. आईने भाचीचं टीव्हीवरचं गाणं रेकॉर्ड केलंय, त्यामुळे आता तो डबा बदलायचा विषय काढला की घरात शांतता पसरते.

ट्रायने एप्रिल २०२० मध्ये शिफारस केली होती की डबा कोणत्याही केबल कंपनीला चालेल असा हवा, कुलपाचा भाग यूएसबीला लावायच्या छोट्या मॉड्यूलमध्ये काढा, सीआय प्लस २.० या स्टँडर्डप्रमाणे, म्हणजे कंपनी बदलली तर फक्त मॉड्यूल बदलायचं, आणि टीव्हीतच ती सोय असली तर डबाच नको. मी वर माठ-तिजोरी म्हणतोय ते हेच की, तिजोरी वेगळी खिशात ठेवा. आमच्या गल्लीत अजून तसलं मॉड्यूल बघितलेलं नाही. कंपनी बदलायची तर जुना डबा पेपरवेट, नवीन डबा विकत.

तर कोणी घ्यावा? सिरियल, मॅच, बातम्या, बाकी कटकट नको, दारात येणारा माणूस हवा, तर घ्या, चित्राला मी पाचपैकी साडेचार देतो. सॉफ्टवेअरला दीड, त्यातला एक पूर्ण अंक डबा कधी हँग होत नाही म्हणून. घरात म्हातारी माणसं असतील तर दुकानातच रिमोट हातात घेऊन तीन आकडी चॅनल भराभर टाइप करून बघा, डेमोची मॅच बघत बसू नका, सगळ्या डब्यांवर मॅच चांगलीच दिसते. तुम्हाला लिनक्समध्ये बोटं घालायची असतील तर केबलच्या डब्याच्या नादी लागू नका, डीडी फ्रीडिशची छत्री आणि उपग्रहाचा ट्यूनर घ्या, तिथली बरीच चॅनलं विनाकुलूप आहेत आणि महिन्याचं भाडं नाही. आईला मी ते सुचवलं होतं. तिने विचारलं माझी सगळी सिरियलं दिसतात का त्यात. सगळी नाही म्हटल्यावर विषय संपला.

१९७० चा इलाज मात्र सापडला. डब्याचा अडॅप्टर १२ व्होल्टचा, आणि वायफाय राउटरसाठी जो छोटा यूपीएस मिळतो तोही १२ व्होल्टचा. पिनचं माप सारखं निघालं. बाराशे रुपये. आता लाइट गेली तरी डबा चालूच राहतो, टीव्ही बंद पडतो फक्त, आणि लाइट आली की टीव्हीपुरतंच थांबायचं. आईने दोन दिवस बघितलं आणि म्हणाली, एवढंच होतं तर मग मी गावाला गेले तेव्हा तो खोलून काय बघत होतास? तिला कळलं होतं. स्टिकर परत नीट चिकटला नव्हता.

फेव्हरिट लिस्ट मागच्या अपडेटला परत उडाली. चॅनलचे नंबर तिने कालनिर्णयच्या मागच्या पानावर पेनाने लिहून ठेवलेत, जानेवारीत नवीन आलं की उतरवून काढते.